मिनेसोटातील हिवाळ्यासाठी सैन्याची जुनी थरांची स्लीपिंग बॅग घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. येत्या जानेवारीत सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर मुलासोबत दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत आहे. तिथे रात्री पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकतो. त्यासाठी अमेरिकी सैन्याने वापरून काढलेला ‘मॉड्युलर स्लीप सिस्टीम’ हा संच घ्यावा, असे मनात आहे. हिरवी पातळ बॅग, काळी जाड बॅग आणि गोअर-टेक्स या जलरोधक कापडाचे आवरण एकात एक बसवल्यास तो उणे 34 अंशांपर्यंत चालतो असे सांगतात, अर्थात अंगात थर्मल कपडे आणि खाली चांगली चटई असेल तरच.

मला खरी काळजी जुनेपणाची वाटते. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या कृत्रिम तंतूंचा फुगीरपणा जातो आणि त्याबरोबर ऊबही जाते. मागे घेतलेल्या अशाच एका आवरणाच्या शिवणींवरची पट्टी सुटलेली निघाली आणि मुलगा रात्रभर कुडकुडला, ते मी विसरू शकत नाही.

दुकानातच बॅगेचा फुगीरपणा आणि आवरणाच्या शिवणी कशा तपासाव्यात? संपूर्ण संच पाच किलोंच्या आसपास भरतो, तेव्हा मुलासाठी काळी बॅग आणि आवरण एवढेच पुरेल का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.