'ट्रस्टेड नोड'ला काय म्हणावं?

क्वांटम किल्ली-वितरणाबद्दल (एकेका प्रकाशकणाच्या मदतीने दोन ठिकाणी एकच गुप्त सांकेतिक किल्ली तयार करणं) वाचताना 'विश्वासार्ह नोड' असा शब्द आला. चीनमधल्या बीजिंग-शांघाय या क्वांटम मार्गावर असे ३२ नोड, म्हणजे मधली ठाणी, आहेत. मूळ शब्द ट्रस्टेड नोड. मराठी बरोबर आहे का?

— नाही. विश्वासार्ह म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. इथे मुद्दा वेगळाच आहे. शंभर किलोमीटर फायबरमधून शंभरातला जेमतेम एखादा फोटॉन (प्रकाशकण) पोचतो. त्याच्या क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, त्यामुळे वाटेत ॲम्प्लिफायर लावून भागत नाही. म्हणून सुमारे २००० किलोमीटरचा तो मार्ग तुकड्यातुकड्यांनी केलाय. प्रत्येक तुकड्याची किल्ली वेगळी. सांध्यावर अलीकडची किल्ली पलीकडच्या किल्लीने झाकून पुढे धाडतात, म्हणजे त्या खोलीतल्या यंत्राला दोन्ही ठाऊक असतात. तिथे विश्वास ठेवावाच लागतो, नोडची लायकी असो वा नसो.

— मग 'भरवशाचा नोड' म्हणा. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हा इशारा फुकटात!

— 'भिस्त' जास्त नेमका, लायकीबद्दल अवाक्षर नाही. पण 'भिस्तीचा नोड' म्हटलं की पखालवाला उभा राहतो.

— 'विश्वस्त' का नको? देवस्थानाची आठवण येते खरी, पण दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती तो विश्वस्त, आणि ती गिळणारेही आपण पाहिलेत. २०१७ साली अशा किल्लीने सुरक्षित केलेला बीजिंग-व्हिएन्ना व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा चीनचा मिसियस उपग्रहच असा विश्वस्त होता. दोन्हीकडच्या किल्ल्या त्याला माहीत होत्या.

— प्रत्येक जाळ्यात असे विश्वस्त लागतातच का?

— नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या २०२० मधल्या प्रयोगात आठ जण जोडले होते. मध्ये एकच उगम, तो परस्परगुंतित (एन्टँगल्ड, म्हणजे ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात अशा) फोटॉनांच्या जोड्या वाटतो. आठांतल्या कोणत्याही दोघांची, म्हणजे २८ जोड्यांची, किल्ली स्वतंत्र. ती दोघांच्या मोजमापातून तयार होते, उगमाला कळत नाही. उगमाने लबाडी केलीच, तर मोजमापांत चुका वाढतात आणि बिंग फुटतं. (खरं तर इथे 'वितरण' हा शब्दही लंगडाच; किल्ली कोणी वाटतच नाही. पण तो वाद पुन्हा कधी.) त्याच वर्षी मिसियसनेही देलिंघा आणि नानशान या एकमेकांपासून ११२० किलोमीटर दूरच्या चिनी केंद्रांत अशीच किल्ली जुळवली, या खेपेला तिचा पत्ता स्वतःला न लागता.

— म्हणजे बीजिंग-शांघायला 'विश्वस्त नोड', ब्रिस्टलच्या मधल्याला नुसता 'उगम'. मी असंच लिहीन.

— चालेल. 'विश्वासार्ह' तेवढं खोडा.