फाईल रीड-ओन्ली झाली की 'सेव्ह अ‍ॅज मारा' म्हणणाऱ्यांनी एकदा हे वाचा की ओ

टिळकवाडीचा टायपिस्ट
परवा इथंच एकानं लिहिलं होतं, "वर्डची फाईल रीड-ओन्ली (नुसती वाचायची, बदलता येईना) दाखवायली तर डोकं लावत बसू नका, सेव्ह अ‍ॅज करा, नाव बदला, कामाला लागा." वर अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण याच सल्ल्यानं आमच्या मंडळाच्या अहवालाची वाट लागलीय म्हणून लिहितो.

झालं असं, अहवाल टाईप करताना लाईट गेली. यूपीएस दोन मिनिटं कुईकुई करून मेला. लाईट आल्यावर फाईल उघडली तर म्हणतंय फाईल लॉक आहे, अमुक माणूस वापरायलाय, आणि ते नाव माझंच! म्हणजे मीच मला आत घेईना. घाईत सेव्ह अ‍ॅज मारलं. मग सेक्रेटरीनं त्याची प्रत काढली, खजिनदारानं वेगळी काढली. शेवटी फोल्डरात 'अहवाल फायनल', 'अहवाल फायनल नवीन' आणि 'अहवाल हाच घ्या'. प्रेसवाल्यानं घेतला चौथाच, त्यात जमाखर्च मागल्या वर्षीचा. सर्वसाधारण सभेत खजिनदाराला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरं कारण काय, तर वर्ड फाईल उघडताना शेजारी एक छोटी लपलेली फाईल करतं, कोण वापरायलंय ते लिहून ठेवायला. नीट बंद केलं की ती आपोआप जाते, लाईट गेली की तशीच राहते. माझी फाईल होती 'वार्षिक अहवाल', तिच्या बाजूला एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसली '~$र्षिक अहवाल'. पहिली दोन अक्षरं (कॉम्प्युटरला 'व' आणि काना वेगवेगळे) खाऊन तिथं ती चिन्हं बसतात. वर्ड पूर्ण बंद करायचं, टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी) विनवर्ड, म्हणजे वर्डच, लपून बसलंय का बघायचं, असलं तर संपवायचं, मग ती चिल्लर फाईल डिलीट. दोन मिनिटांचं काम. फक्त सामायिक फोल्डर असेल तर आधी विचारा, खरंच दुसरं कोणी उघडून बसलेलं असतंय.

खडेबाजार झेरॉक्स
तो "एकानं" म्हणजे मीच, नाव घेऊन बोला की, घाबरता कशाला. तुम्ही घरात बसून हिडन आयटम्स चालू करा, माझ्या काउंटरला सकाळी दहाला पंधरा पोरं पेन ड्राइव्ह घेऊन उभी असतात, त्यात एखाद्याचा अकराला इंटरव्ह्यू. दहा रुपयांच्या प्रिंटसाठी मी टास्क मॅनेजर उघडू? एफ-१२ (सेव्ह अ‍ॅजचं बटण) दाबला, डेस्कटॉपवर सेव्ह केलं, पोरगा गेला. तुमच्या मंडळात पाच जणांना एका फाईलीचं नाव ठरवता येईना, त्यात सेव्ह अ‍ॅजचा काय दोष ओ? आणि यूपीएसची बॅटरी बदला आधी.

निपाणीची बाई
दोघांचंही चुकतंय. माझ्या लॅपटॉपवर तर सेव्ह अ‍ॅजच चालेना. दुकानदारानं घेताना छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, ऑफिस आत आहे, कायमचं." वर्षभर छान चाललं, मग एक दिवस फाईल उघडते, वाचता येते, प्रिंटही निघते, पण एक अक्षर टाईप होईना. वर लाल पट्टी. चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायची आणि मी रात्री अकराला रडकुंडीला. भाच्यानं बघितलं, म्हणाला आत्या, वर्गणी संपलीय. अहो वर्गणी गणपतीची असते, टाईप करायची कसली वर्गणी?? त्या दुकानदाराचा फोन आजतागायत लागत नाही.

टिळकवाडीचा टायपिस्ट
बाईंचं बरोबर, लायसन्स संपलं की तसंच होतंय, तिथं लपलेली फाईल शोधून उपयोग नाही. म्हणूनच म्हणतो आधी *कुठली पट्टी* ते वाचा. पिवळ्या पट्टीवर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' असेल तर फाईल मेलवरनं नाहीतर नेटवरनं आलीय, माणूस ओळखीचा असेल तर एनेबल एडिटिंग दाबा, किंवा फाईलीच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'ची खूण करा. 'मार्क्ड अ‍ॅज फायनल' असेल तर कुणीतरी शहाणपणा करून ठेवलाय, 'एडिट एनीवे' दाबलं की झालं. आणि मेलमधली फाईल थेट उघडून दोन तास टाईप करणाऱ्यांना तर मी कोपरापासून हात जोडतो. आधी उतरवून घ्या, मग उघडा. एक्सप्लोररमध्ये उजवीकडं प्रिव्ह्यू चालू असेल तर तोसुद्धा कधीकधी फाईल धरून बसतो, ऑल्ट आणि पी दाबून बंद करा.

अनगोळचा बाब्या
सेव्ह अ‍ॅजचं जाऊ दे, काही शहाणे लॉक फाईलीतला मजकूर कॉपी करून नवीन फाईलीत टाकतात. मराठी असेल तर नवीन फाईलीत सगळं 'कखग'च्या जागी इंग्रजी कचरा. कारण काय, तर अजून श्रीलिपी, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेला जुना फॉन्ट! युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर) टाईप केलं असतं तर हा प्रॉब्लेमच आला नसता. विंडोज २००० पासून देवनागरी आहे, मंगल फॉन्ट आहे. अजून किती वर्षं?

श्रीलिपीवाले काका
बाब्या, फॉन्ट बदलून बघितलास का कधी? मजकूर जातच नाही, नवीन फाईलीला श्रीलिपीचा फॉन्ट लाव, परत दिसतो. माहिती नसेल तर विचारायचं. मी बावीस वर्षं लग्नपत्रिका टाईप करायलोय. प्रेसमध्ये पानं जुळवायला पेजमेकर होतं, त्याला तुझं युनिकोड कळतच नव्हतं, मी काय कपाळ फोडून घ्यायचं होतं? तुझ्या मंगलमध्ये पत्रिका छापली तर नवरीकडचे पत्रिका परत पाठवतील. सरकारी नोटिशीसारखी दिसतीय.

अनगोळचा बाब्या
पेजमेकर!! काका, कुठल्या जमान्यात आहात. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाईनमध्ये सीएस-६ आवृत्तीपासून देवनागरी चालते. आणि तुमच्या पत्रिकेतलं नाव फोनवर शोधता येत नाही, कुणाला पाठवली तर त्याच्याकडं फॉन्ट नाही, मग पीडीएफ करा, मग तारीख चुकली की परत तुमच्याच दारात. धंदा चांगलाय.

श्रीलिपीवाले काका
धंदा काढू नकोस. तुझ्या मुंजीची पत्रिका मीच उधारीवर केली होती.

वडगावकर
यात खरा त्रास कुणी बोलेना. मी ऑफिसात मराठी अर्ज घेऊन गेलो तर ऑपरेटरच्या मशीनवर फक्त नुडी, कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्यानं फाईल उघडली, चौकोन चौकोन दिसले, म्हणाला "कन्नडात आणा." बेळगावात मराठी माणसानं...

खडेबाजार झेरॉक्स
आला! सीमाप्रश्न आला! मी वाटच बघत होतो. अहो, फाईल रीड-ओन्ली होतीय याचा ५६ सालाशी काय संबंध?

वडगावकर
तुम्हाला संबंध दिसणार नाही, तुमच्या दुकानाची पाटी बघितलीय मी.

खडेबाजार झेरॉक्स
पाटी वर कन्नड, खाली मराठी, नियम आहे म्हणून. दंड तुम्ही भरणार का? माझ्याकडं चिकोडीचा पोरगा कन्नडमध्ये बायोडाटा आणतो, खानापूरची पोरगी मराठीत. दोघांची फाईल लॉक होते आणि दोघांना मी एफ-१२ मारून देतो. एवढंच.

निपाणीची बाई
दोघं शांत व्हा. त्याच्या मशीनवर नुसता फॉन्ट नव्हता. फॉन्ट टाकून द्यायचा, नाहीतर काकांनी सांगितल्यासारखी पीडीएफ न्यायची.

श्रीलिपीवाले काका
मी पीडीएफ म्हटलो नाही, बाब्या म्हटला. पण बरोबर आहे ते, एवढं एकच.

टिळकवाडीचा टायपिस्ट
मूळ मुद्द्यावर येऊ का? झेरॉक्सवाल्यांना एक देतो. फाईल उघडल्यावर रीड-ओन्ली आहे हे उशिरा कळलं आणि दोन पानं टाईप झालीत, तर ती वाचवायला सेव्ह अ‍ॅजच करा. पण त्यानंतर मूळ फाईलीचं कारण शोधा आणि जास्तीच्या प्रती उडवा.

खडेबाजार झेरॉक्स
धन्यवाद, उपकार झाले. बरं, तुमचं ऐकून मघाशी दुकानातल्या मशीनवर हिडन आयटम्स चालू केलं. डेस्कटॉपवर ~$ वाल्या एकतीस फाईली निघाल्या. रेटकार्ड दीड वर्षं उघडून नुसतं बघत होतो, बदलता येत नव्हतं, म्हणून कलर प्रिंटचा जुनाच दर लावत होतो. आता बदललाय. उद्यापासून कलर प्रिंट पंधरा रुपये, कारण तुम्हाला माहितीय कोण.

श्रीलिपीवाले काका
रेटकार्ड कुठल्या फॉन्टात आहे?