खोल बर्फात पिकअप कितपत भरवशाची? जानेवारीत लाहौलला न्यायची आहे

तापीकाठ, यावल :

नमस्कार. आमच्याकडे दुहेरी केबिनची, फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) असलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप आहे. आजवर तिचा वापर केळीच्या बागा, फैजपूर-सावद्याचा रस्ता आणि अधूनमधून पालच्या बाजूचे सातपुड्यातील रस्ते एवढ्यापुरताच झालेला आहे. येत्या जानेवारीत मी, माझा चुलतभाऊ आणि दोन मित्र असे चौघे मनालीमार्गे अटल बोगदा ओलांडून हिमाचलच्या लाहौल भागातील सिस्सूला, आणि रस्ता खुला असल्यास पुढे केलाँगपर्यंत जाण्याच्या विचारात आहोत. भावाचे म्हणणे असे की, आषाढात काळ्या मातीच्या गाऱ्यातून जी गाडी फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण सावकाश आणि जोरकस गिअर) टाकून निघते तिला बर्फाचे काय भय. मला मात्र हे गणित इतके सरळ वाटत नाही, कारण आमच्यापैकी कोणीही बर्फावर गाडी चालवलेली नाही.

साधारण किती खोल बर्फातून अशी गाडी निघू शकते, हौदा रिकामा न्यावा की त्यात वजन टाकावे, आणि सध्याच्या हायवे टायरवर भागेल की टायरवर चढवायच्या साखळ्या घ्याव्याच लागतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नाना, शिरपूर (निवृत्त लष्करी चालक) :

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. तुमच्या भावाचा हिशेब कुठे फसतो ते आधी सांगतो. काळ्या मातीत टायरची नक्षी गाऱ्याने भरली की टायर गुळगुळीत होतो, म्हणून आपण रेस वाढवून चाक फिरवतो, गारा उडून जातो आणि नक्षी पुन्हा पकड घेते. बर्फात नेमके उलट घडते. नक्षीत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरून ठेवतो, त्यामुळे तो तिथे असलेलाच बरा. आणि चाक जागच्या जागी फिरवले तर घर्षणाने खालचा थर वितळतो, लगेच पुन्हा गोठतो व चाकाखाली काचेसारखी गुळगुळीत खळगी तयार होते. एकदा ती खळगी झाली की पुढची सगळी रेस ती खोल करण्यातच खर्ची पडते. म्हणून चाक फिरू लागले की अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, आपल्याच चाकोरीतून हळूच मागे यायचे आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, शक्य तितक्या कमी रेसवर पुन्हा पुढे जायचे.

आता खोलीविषयी. तुमच्या पिकअपच्या पोटाखाली आठ-नऊ इंच मोकळी जागा आहे आणि त्यातही सर्वांत खाली लोंबतो तो मागच्या डिफरन्शियलचा (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ या उंचीच्या निम्म्यापर्यंत असेल तर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर) गाडी फारशी कुरकुर न करता जाते. पोटाच्या उंचीला आला की गाडी पुढे बर्फ ढकलू लागते, खाली तो दाबला जातो आणि शेवटी गाडी त्या दाबलेल्या ढिगावर पोटावर बसते. अशा वेळी चाके खाली टेकलेली दिसतात खरी, पण त्यांच्यावर वजनच उरत नाही. मग चारही चाकांना कितीही ताकद पोहोचवली तरी तिचा उपयोग नसतो, आणि फावड्याने पोटाखालचा बर्फ उपसण्यावाचून दुसरा इलाज राहत नाही. ओला बर्फ असेल तर हीच वेळ बरीच आधी येते, कारण तो जड असतो आणि लवकर घट्ट बसतो. म्हणून फावडे हौद्यात सामानाखाली पुरू नका, हाताशी ठेवा.

तरीही तुमच्या रस्त्यावर खोल बर्फापेक्षा दाबला गेलेला बर्फ जास्त त्रास देईल, असे माझे मत आहे. सीमा सडक संघटना रस्ता साफ करत असते, पण साफ केलेल्या रस्त्यावर दुपारी पाणी होते आणि रात्री ते गोठते. सकाळी सावलीतल्या वळणावर डांबर नुसते ओले दिसते आणि प्रत्यक्षात तिथे आरपार दिसणारा बर्फाचा थर असतो. फोर-बाय-फोरमुळे गाडी जागची हलते, थांबत मात्र नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चार चाकांना असतात आणि तुमच्या गाडीलाही चारच चाकांना. उलट तुमची गाडी वजनाने जास्त. फोर-बाय-फोरवाला चढ सहज चढतो, त्याला वाटते पकड उत्तम आहे, आणि उतारावर तो कठड्याला जाऊन भिडतो, हे मी काश्मीर-लडाखमधल्या जोजिला खिंडीच्या रस्त्यावर पुष्कळदा पाहिले आहे. चाळीसगावच्या बाजूने कन्नडचा घाट उतरताना भरलेली गाडी जशी गिअरवर धरतात, तशीच इथे फोर-लोच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरवर धरावी आणि ब्रेकला शक्यतो पाय लावू नये.

अमळनेरकर, सध्या मिनेसोटा :

नानांनी मुद्द्याचे सांगितले आहे. हौद्याच्या प्रश्नावर थोडी भर घालतो, कारण आमच्या भागात हिवाळ्यात अर्धे गाव पिकअप चालवते.

रिकामी पिकअप ही बर्फावरची सर्वांत अवघड गाडी आहे. इंजिन आणि केबिन पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा, आणि खाली टनभर माल पेलण्यासाठी बसवलेले कडक पाटे. त्यामुळे मागच्या चाकांवर वजन कमी पडते आणि टू-हायमध्ये ताकद मात्र त्याच चाकांना जाते. वळणावर जरा रेस दिली की शेपूट बाहेर फेकले जाते. यावर इथला जुना उपाय म्हणजे हौद्यात वाळू टाकणे. दुकानांतून त्यासाठी सुमारे २७ किलोच्या लांबट पिशव्याच मिळतात. तुम्ही शंभर ते दीडशे किलो वाळू गोण्यांत भरून, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवून, घट्ट बांधून न्या. फाळक्याजवळ ठेवलेले वजन पुढची चाके हलकी करते आणि मग स्टिअरिंग ऐकत नाही. न बांधलेले वजन तर ब्रेक मारताच केबिनवर येते. गाडी अडकली तर तीच वाळू चाकांपुढे पसरता येते. (गिरणेची वाळू उचलण्याचे धाडस मात्र करू नका, त्यापेक्षा लाहौल सोपे जाईल.) दीडशेऐवजी पाचशे किलो टाकले तर आणखी चांगले, असेही समजू नका, जितके वजन जास्त तितकी गाडी थांबायला जागा जास्त लागते.

टायरचे म्हणाल तर तुमचे हायवे टायर तिथे अपुरे आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी बनवलेले रबर सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि पकड सोडते. ज्या टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असते तो बर्फासाठी तपासलेला असतो. नुसते चिखल आणि बर्फाचे इंग्रजी आद्याक्षर (M+S) असलेला टायर तेवढा भरवशाचा नसतो. आइसलँडमध्ये हायलक्ससारख्या पिकअपना ३८ इंची रुंद टायर लावून, त्यांतली हवा अगदी नाममात्र ठेवून गाडी बर्फावर तरंगती चालवतात, पण त्यासाठी गाडीचे अंगच बदलावे लागते. ती छायाचित्रे पाहून आपल्या मूळ टायरची हवा वाटेल तेवढी कमी करू नका, रिममधून टायर निघेल.

आणखी एक गोष्ट, जी मी इतर सर्व गोष्टींच्या वर ठेवतो. गाडी बर्फात अडकली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचे असेल, तर आधी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, आणि बर्फ पडत असेल तर पुनःपुन्हा काढत राहा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा थंडीबरोबर हा वायूही कारण असल्याचे सांगितले गेले.

गॅरेजवाला, जळगाव :

टायर आणि वजनाचे वर आलेच आहे, म्हणून फक्त बॉनेटखालचे सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतत राहण्याची सवय असते, आणि पुढे कुलंट किती उरले आहे हे कोणी पाहत नाही. असे पाणी सिस्सूच्या रात्रीत गोठले तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निघण्यापूर्वी सर्व पाणी काढून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. हे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नका. बॅटरी जुनी असेल तर बदला, कारण इथे कशीबशी सेल्फ मारणारी बॅटरी तिथे सकाळी मान टाकते.

डिझेल कॅनमध्ये भरून इथून नेऊ नका. आपल्या हवामानासाठीच्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणासाठी. तुम्ही टाकी मनालीत भरा. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, तो गोठून चिकटतो. गाडी सपाटीवर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

तापीकाठ, यावल :

नाना, अमळनेरकर आणि गॅरेजवाले दादा, आपले मनःपूर्वक आभार. भावाला सर्व वाचून दाखवले. तो साखळ्या घ्यायला तयार झाला आहे, पण एकच जोड पुरे म्हणतो. तसेच मनाली सोडल्यापासून फोर-हाय लावूनच ठेवावे का, हेही सांगावे.

नाना, शिरपूर :

फोर-हाय सतत लावून ठेवू नका. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना दोन्ही आसांची ओढाताण होते आणि गाडी अडखळते, पुढे ट्रान्स्फर केसचे (दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) नुकसान होते. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि आतला रस्ता पुष्कळदा मोकळा असतो. तिथे टू-हाय ठेवा, पण पलीकडचे तोंड येण्यापूर्वी, स्टिअरिंग सरळ असताना, वेग कमी करून फोर-हाय लावा. बोगद्याच्या मोकळ्या रस्त्यावरून गाडी एकदम बर्फावर येते आणि नवखा चालक तिथेच ब्रेक दाबतो.

साखळ्यांचे दोन जोड घ्या. लष्करात आम्ही त्यांना नॉन-स्किड चेन म्हणत असू. एकच जोड मागे लावला तर चढ निभतो, पण उतारावर पुढची चाके वळवूनही गाडी सरळच जाते. एकच जोड पुढे लावला तर उतारावर शेपूट फिरते. टायरचा आकडा पाहून मापाच्याच साखळ्या घ्या, चाकाच्या आत ब्रेकच्या नळीला त्या घासत नाहीत ना ते पाहा, आणि यावललाच अंगणात हातमोजे घालून लावून-काढून बघा, कारण उणे दहा अंशांत साखळीचा आकडा कुठे अडकवायचा हे शोधत बसण्यासारखा मनस्ताप नाही. लावल्यावर थोडे अंतर जाऊन पुन्हा ताणून घ्या, वेग चाळीसच्या आत ठेवा आणि मोकळे डांबर लागताच काढून टाका.

बर्फ पडत असताना मनालीजवळच्या सोलंगच्या नाक्यावर पोलीस बहुधा फोर-बाय-फोर किंवा साखळ्या असलेल्याच गाड्या पुढे सोडतात, आणि जोराचा बर्फ असेल तर त्याही सोडत नाहीत. म्हणून मनालीत मुक्कामाचा एक दिवस जास्तीचा धरूनच निघा.