मदत हवी आहे: नाताळच्या शुगर कुकीज, रॉयल आयसिंगचा लाल रंग पांढऱ्यात उतरतोय

नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो. आमच्या गल्लीत दर डिसेंबरला कुकी एक्स्चेंज असतं, म्हणजे प्रत्येक घराने एकाच प्रकारच्या भरपूर कुकीज करून आणायच्या आणि मग सगळ्यांनी सगळ्यांच्या थोड्या थोड्या डब्यात भरून घरी न्यायच्या. यंदा मी रॉयल आयसिंगने, म्हणजे साखरेच्या वाळून कडक होणाऱ्या लेपाने सजवलेल्या शुगर कुकीज कबूल केल्यात. सँटाचं तोंड, स्नोफ्लेक, मिटन (सुटी बोटं नसलेला हातमोजा) आणि कँडी केन (वाकड्या काठीसारखी लाल-पांढरी गोळी) एवढे आकार करायचेत आणि शनिवारी द्यायच्यात, म्हणून जरा घाईने विचारतेय.

कुकीची काळजी नाही, ती मस्त होतेय. बेकिंग पावडर घालत नाही त्यामुळे कडा पसरत नाहीत, कापून झाल्या की ट्रे थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग ३५० फॅरनहाइटला कडा जेमतेम बदामी होईपर्यंत भाजते. गाडी अडतेय ती आयसिंगवर.

प्रमाण असं आहे: १ पौंड आयसिंग शुगर, ३ टेबलस्पून मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली पूड), ५ ते ६ टेबलस्पून कोमट पाणी, थोडा व्हॅनिला. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग वापरत नाही कारण खाणाऱ्यांत लहान मुलं आहेत. रंग जेलचेच आहेत.

आता होतंय काय ते सांगते. सँटाच्या टोपीचा लाल भाग आणि खालची पांढरी पट्टी रात्री भरून ठेवली की अगदी रेखीव दिसते आणि सकाळी बघावं तर मधल्या रेघेवर गुलाबी ओघळ. टोपीच्या टोकाच्या गोंड्याला मध्येच खड्डा पडतो, कधी वरून बरा दिसतो पण बोट लावलं की पापुद्रा आत जातो, खाली पोकळच असतं. मिटनसारखा मोठा भाग दुसऱ्या दिवशीही वरून कडक आणि आतून ओलाच राहतो आणि त्यावर तेलकट डाग उमटतात, पांढऱ्यावर तर फारच दिसतात. पंखा नाही, एसी नाही, नुसत्या टेबलावर वाळायला ठेवते, बाहेर सध्या पावसाळी दमट हवा आहे.

दुसरं म्हणजे गल्लीत दोन गुजराती घरं आहेत, अंडं अजिबात चालत नाही त्यांना आणि मेरिंग पावडरमध्ये अंडं असतंच. त्यांची मुलं दरवर्षी सजवलेल्या कुकीज लांबूनच बघतात हो, ते मला बघवत नाही. कुकी दूध घालून बिनअंड्याची जमतेय पण आयसिंगला काय वापरू? छोल्याच्या डब्यातलं पाणी फेटून होतं म्हणतात, रॉयल आयसिंगला कोणी खरंच वापरलंय का?

आधी यावर धागा असेल तर तिकडे पाठवा. जाणकारांनी प्लीज सांगा.

पोळपाट_लाटणं: ताई, तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे, आयसिंग फार हळू वाळतंय. ओलं राहिलं की रंगाला सरकायला वेळ मिळतो, गोंडा स्वतःच्या वजनाने बसतो आणि कुकीतलं बटर वर चढतं. म्हणून आधी पंखा आणा. साधा टेबल फॅन मंद वेगावर, ट्रेच्या वरून हवा जाईल असा. पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, वरचा पापुद्रा त्यातच धरला पाहिजे. फूड डिहायड्रेटर असेल तर सगळ्यात कमी तापमानावर अर्धा तास ठेवा, गोंडे आणि नाकं यांना तर तो वरदान आहे. आणि एसीसुद्धा लावा, थंडीसाठी नाही, हवेतला ओलावा काढतो म्हणून.

लाल-पांढऱ्याचं सांगते. जेवढा जेल जास्त तेवढं ओघळणं जास्त, आणि लाल गडद करायच्या नादात सगळ्यांचाच जेल जास्त पडतो. त्यामुळे थोडा फिका वाटेल इतपतच कालवा आणि वाटी झाकून रात्रभर ठेवा, सकाळपर्यंत तो आपोआप गडद होतो. झाकताना प्लास्टिक अगदी आयसिंगला चिकटवून लावा नाहीतर वर साय धरते आणि तिचे कण नोझलमध्ये अडकतात. मग आधी नुसता लाल भाग भरा, पूर्ण वाळू द्या, हात लावून कडक लागला की मगच शेजारी पांढरा. दोन्ही ओले शेजारी शेजारी ठेवूच नका. पांढऱ्यात व्हाइट जेलचा थेंब घातला तर तेलकट डागही कमी दिसतात.

तूपसाखर: वरच्या प्रतिसादाला +१. मी पुण्यात संक्रांतीचा हलवा करणाऱ्या घरातली, त्यामुळे हे फार ओळखीचं वाटलं. आमची आई हलवा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीतच करायची, ढगाळ दिवस असला की परात शेगडीवर चढायचीच नाही. मंद आच, थोडा थोडा पाक, बोटांनी हलवत राहायचं आणि आधीचा थर सुकल्याशिवाय पुढचा पाक नाही, तेव्हा कुठे काटा फुटतो. तुमच्या आयसिंगलाही तोच नियम, साखरेला कोरडी हवा लागते आणि एका थरानंतर दुसऱ्या थरात दम धरावा लागतो.

आता घट्टपणाचं. तुम्ही सगळ्याला एकच आयसिंग वापरताय का? ते लिहिलेलं नाही म्हणून विचारतेय. तीन तरी लागतात. बॉर्डरला टूथपेस्टसारखं, रेघ ओढली की जिथल्या तिथे उभं राहणारं. मोठा भाग भरायला, चमच्याने धार सोडली तर १५ ते २० सेकंदांत पृष्ठभागात मिसळून जाणारं. आणि गोंडा, नाक, दाढीचे कुरळे यासाठी मधलं. गोंड्याला भरायचं पातळ आयसिंग घातलं तर तो बसणारच. आधी घट्ट आयसिंगने आत नागमोडी रेघ घाला आणि तिच्यावर मधलं भरा, खालून आधार मिळतो. पाणी घालताना ओतू नका, स्प्रे बाटलीने फवारा मारा आणि ढवळा, एक चमचा जास्त झाला तर परत साखर घालत बसावं लागतं.

धागालेखिका: तूपसाखर, हो गं, एकच वापरते, बॉर्डरलाही तेच. हलव्याचं वाचून छान वाटलं, माझ्या आजोळी नाशिकला पण करायचे. टेबल फॅन आजच आणते. एक सांगा, आयसिंग किती वेळ फेटायचं? मी व्हिस्कने चांगलं फुगेपर्यंत फेटते, त्याने काही फरक पडतो का?

वसईची_चुलत: पडतो, बराच पडतो. व्हिस्क काढा आणि पॅडल, म्हणजे मिक्सरचं चपटं पातं लावा, मंद वेगावर. फार हवा भरली की बुडबुडे राहतात, वाळल्यावर आयसिंग भुसभुशीत होतं आणि खड्डे पडतात. फेटून झालं की झाकून थोडा वेळ ठेवा आणि नंतर स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबत हळूहळू ढवळा म्हणजे बुडबुडे निघतात. कुकीवर भरल्यावरही टाचणी किंवा टूथपिकने लगेच फोडा, कुकी हलकेच टेबलावर आपटली की राहिलेले वर येतात.

आम्ही वसईला दर नाताळला ऑर्डरी घेतो, त्यामुळे एक अनुभवाचं सांगते, भांडं तेलकट नको. प्लास्टिकच्या वाट्यांना तूप-तेलाचा अंश कितीही घासलं तरी राहतो आणि मेरिंग नीट फुलत नाही. स्टील किंवा काचेचं भांडं घ्या आणि व्हिनेगरने पुसून घ्या. व्हॅनिला पाण्यासारखा पातळ इसेन्स असू द्या, तेलात केलेला फ्लेवर घातला तर आयसिंग फाटतं. आणि कुकी पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग, शक्यतो आदल्या दिवशी भाजून ठेवलेली. कोमट कुकीतलं बटर हमखास वर येतं.

बिनअंड्याचं विचारलंय ते: होतं, आम्ही गुजराती आणि जैन गिऱ्हाइकांसाठी करतो. बिनमिठाच्या छोल्याच्या डब्यातलं पाणी घ्यायचं, दाट असेल तर तसंच आणि पातळ असेल तर उकळून आटवून गार करायचं. १ पौंड साखरेला साधारण ६ टेबलस्पून पाणी आणि पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पांढरी पूड). आधी पाणी आणि टार्टर फेस येईपर्यंत फेटा, मग साखर थोडी थोडी. लिंबाचा रस आणि व्हॅनिला घातला की वास जाणवत नाही. मात्र हे मेरिंगपेक्षा हळू वाळतं आणि रंगही जास्त सोडतं, म्हणून त्या दोन घरांसाठी लाल-पांढरं नको, स्नोफ्लेकच करा, पांढऱ्यावर पांढरं. वाट्या, चमचे, पिशव्या वेगळ्या आणि डबाही वेगळा, वर नाव लिहून. अंडं न खाणाऱ्याला ते बघूनच हायसं वाटतं.

पोळपाट_लाटणं: पॅकिंगचं राहिलं. एकावर एक रचण्याआधी पूर्ण २४ तास वाळू द्या, तुमच्याकडे दमट आहे तर थोडे जास्तच. शनिवारी द्यायच्या तर गुरुवारी सगळं आयसिंग उरकलेलं पाहिजे. थरांमध्ये बटर पेपर, डबा हवाबंद, आणि फ्रीजमध्ये अजिबात नाही, बाहेर काढल्यावर पाणी सुटून रंग परत ओघळतो.

धागालेखिका: किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. आज रात्री लाल कालवून ठेवते, उद्या लाल भाग आणि परवा पांढरं. वसईची_चुलत, एकच शंका, इथे डब्यातले छोले बहुतेक मिठाचेच मिळतात, घरी कुकरला शिजवलेल्या छोल्यांचं पाणी चालेल का?

वसईची_चुलत: चालतं की. मीठ आणि सोडा न घालता शिजवा, छोले त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या, सकाळी पाणी गाळून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवा. दोन बोटांत धरून बघा, किंचित चिकट लागलं की झालं.