बाबांना हिमालयातलं स्थलांतर दाखवायचंय, एका दिवसासाठी दरी आणि गाइड सुचवा (नागपूरहून)

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की बाबांना हिमालयात पक्षी बघायला न्यायचं ठरवतेय. प्रवासाचे दिवस वेगळे, पण प्रत्यक्ष पक्षीनिरीक्षण एकच दिवस, तेही माहितगार गाइडबरोबर. त्याहून जास्त त्यांना झेपणार नाही.

बाबांनी सत्तरी ओलांडलीय. अंबाझरी आणि गोरेवाडा हे इथले तलाव त्यांचं रोजचं जग. पावसाळा सरत आला की नाल्याकाठी शेपूट खालीवर करणारा पहिला करडा धोबी दिसतो आणि त्या दिवशी त्यांच्या वहीत लाल शाईनं तारीख पडते. मग राखी कोतवाल येतो. दोघंही हिमालयात वीण करून थंडीसाठी खाली उतरणारे. "इथे पोचलेले खूप बघितले, आता निघताना बघायचेत," असं ते कितीतरी वर्षं म्हणतायत.

आता अडचण. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर हळूहळू चालतात, चढ नको. आणि कान. तांबटाचा ठोका, भारद्वाजाचा घुमणारा आवाज त्यांना अजून स्पष्ट ऐकू येतो, पण शिंजीर किंवा वटवट्याचा बारीक आवाज अजिबात नाही. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जंगलात गाइड आवाजावरूनच पक्षी शोधतात. सगळे एकदम वळून बघतात आणि बाबा नुसते उभे राहतात, हे मी इथल्या एका सहलीत पाहिलंय आणि मला ते फार लागलं.

म्हणून डोक्यात आलं ते शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्टेप गरुड हिमालयाच्या दक्षिण उतारांच्या कडेनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. मोठा पक्षी, उघडं आकाश, खुर्चीत बसून बघता येईल. दुसरा पर्याय नागालँडमधल्या दोयांग जलाशयावरचे अमूर ससाणे. २०१२ मध्ये तिथे त्यांची प्रचंड शिकार झाली, आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली. बाबांना त्या गावाबद्दल फार आदर आहे.

तर विचारायचंय ते हे: या दोन्हींत बाबांना कुठे न्यावं? गरुडांसाठी उत्तराखंडातल्या कुमाऊँत सातताल-पंगोट बाजू कशी आहे? आणि गाइडशी आधी काय काय बोलून घ्यावं? दुर्बीण त्यांची जुनी १० बाय ५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) आहे, हल्ली हात थरथरतात.

प्रतिसाद १

ताई, दोयांगला मी जाऊन आलोय. थवे उठताना बघणं शब्दांत सांगता येत नाही, पण काकांच्या गुडघ्याचा विचार करता मी नको म्हणेन. दिमापूरपासून वोखापर्यंतचा रस्ताच माणसाला खिळखिळा करतो, वर इनर लाइन परमिटही (बाहेरच्यांना नागालँडमध्ये शिरायला लागणारा परवाना) काढावं लागतं. ससाणे रात्रथाऱ्यावरून निघतात पहाटे आणि परततात संध्याकाळी, म्हणजे अंधारात उठणं आलंच. तिकडे नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

प्रतिसाद २

कुमाऊँच. दिल्लीमार्गे काठगोदाम, मग गाडीनं वर. मुक्काम साततालला ठेवा. उंची साधारण १,३७० मीटर, दम लागत नाही. पंगोट दोन हजार मीटरच्या आसपास आहे, तिथे पहाटे चांगलीच थंडी असते.

काकांच्या कानांसाठी एक सांगतो. सकाळ जंगलात घालवूच नका. भीमतालजवळ चाफीला कलसा नदीकाठी बसवा. पाण्याचा आवाज इतका असतो की तिथे गाइडलाही बारीक हाका ऐकू येत नाहीत, सगळेच डोळ्यांनी शोधतात. वरच्या ओढ्यांवरचे रेडस्टार्ट नावाचे छोटे पक्षी थंडीत खाली उतरतात, त्यामुळे काकांना हवं ते 'निघालेले' पक्षी तिथेच भेटतील. एक पाटीच्या रंगाचा, तांबूस शेपटीचा. दुसरा पांढऱ्या टोपीचा, विटकरी पोटाचा. दोघं धोंड्यावर बसून शेपटी हलवत असतात, लगेच दिसतात. ब्राऊन डिपर हा तपकिरी पक्षी दगडावरून सरळ पाण्यात शिरतो आणि पुढच्या दगडापाशी वर येतो, तो काकांना दाखवाच.

गरुडांची घाई नको. ऊन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय ते निघत नाहीत, म्हणजे दहानंतर. तोवर गाडीनं पंगोट-किलबरी रस्त्यावरच्या एखाद्या मोकळ्या वळणावर जाऊन बसा. पंखांचा पसारा सहा फुटांच्या घरात. कोवळ्या गरुडाच्या पंखांखाली आडवा पांढरा पट्टा असतो, तो लांबूनही कळतो. हिमालयन गिधाडंही दिसतील. मात्र धुकं किंवा ढग असले तर आकाश रिकामंही राहतं, म्हणून एक जादा दिवस हाताशी ठेवा.

गाइडला तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) हवा, म्हणजे थरथरत्या हाताचा प्रश्न मिटतो. मोबाइलवर हाका वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत. आणि पक्षी सापडला की "त्या तिकडे" असं न म्हणता "वाकड्या देवदाराच्या उजवीकडे, ढगाच्या कडेला" असं सांगायचं. दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, हलकी आणि स्थिर राहते.

प्रतिसाद ३

मान वर करून तासभर बघितलं की रात्री मानेला रग लागते. मागे रेलता येईल अशी घडीची खुर्ची आणि मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, एवढं नक्की न्या. काकांना चष्मा असेल तर दुर्बिणीचे आयकप (डोळ्यांपाशी असलेली रबरी कडी) खाली दाबून ठेवायचे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं. डिपरचं ऐकून त्यांनी लगेच विचारलं, "पाण्याखाली डोळ्यांचं काय करतो?" चाफी नक्की झालं. आता एवढंच सांगा, गाडी नदीच्या किती जवळ जाते? काठावर उतरायला दगडी पायऱ्या असतील तर आधारासाठी एक माणूस सोबत घेईन.

प्रतिसाद २

रस्ता नदीला लागूनच आहे. पुलावरूनही छान दिसतं, खाली उतरलंच पाहिजे असं नाही. आणि डिपरच्या डोळ्यांचे स्नायू बळकट असतात, त्यांनी भिंगाचा आकार बदलून तो पाण्यातही नीट बघू शकतो. काकांना सांगा.