शब्दचर्चा : फ्लोट, माइलस्टोन, क्रिटिकल पाथ यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नव्याने कामावर येणाऱ्यांसाठी प्रकल्प व्यवस्थापनाचं छोटं मराठी टिपण लिहिते आहे. 'फ्लोट'साठी 'तरंगता', 'माइलस्टोन'साठी 'मैलाचा दगड' आणि 'क्रिटिकल पाथ'साठी 'गंभीर मार्ग' असे शब्द सहकाऱ्यांनी सुचवले. तिन्ही वाचताना अडखळायला होतं. यापेक्षा चांगले शब्द आहेत का? की सरळ इंग्रजीच ठेवावेत?

उत्तर

'तरंगता' नकोच. आपल्याकडे त्यासाठी 'सवड' हा नेमका शब्द आहे. एखादं काम किती दिवस लांबलं तरी संपूर्ण प्रकल्पाची शेवटची तारीख हलत नाही, ती त्या कामाची सवड.

'गंभीर मार्ग' मात्र चुकीच्या दिशेने नेतो. मराठीत 'क्रिटिकल' म्हटलं की अत्यवस्थ रुग्ण आठवतो, त्यामुळे या मार्गावरची कामं धोक्यात आहेत किंवा फार महत्त्वाची आहेत असं वाटतं. तसं काही नसतं. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या ज्या साखळीला सर्वांत जास्त दिवस लागतात, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. त्यापेक्षा कमी दिवसांत प्रकल्प संपूच शकत नाही.

एका पुस्तकाचं उदाहरण घ्या. संपादनाला १० दिवस, त्यानंतर मुद्रितशोधनाला ६ आणि शेवटी छपाईला ५. मुखपृष्ठाला ७ दिवस लागतात, पण ते पहिल्या दिवसापासून संपादनाच्या बरोबरीने सुरू करता येतं, फक्त छपाईआधी तयार हवं. पहिली साखळी २१ दिवसांची, मुखपृष्ठाची १२ दिवसांची. म्हणून पुस्तक २१ दिवसांत होईल. मुखपृष्ठाला ९ दिवसांची सवड आहे. संपादनाला सवड शून्य, ते दोन दिवस लांबलं की पुस्तक २३ दिवसांवर गेलं. विक्रीसाठी मुखपृष्ठ कितीही मोलाचं असलं तरी या अर्थाने ते 'क्रिटिकल' नाही.

मी 'बिनसवडीची साखळी' म्हणते. शब्द जरा लांब आहे, पण ऐकणाऱ्याला व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. औपचारिक लिखाणात 'निर्णायक मार्ग' चालेल.

प्रतिसाद

'सवड'ला माझं पूर्ण अनुमोदन. टिपणात एक गोष्ट मात्र जरूर लिहा, कारण तिथेच सर्वांत जास्त गफलत होते : सवड एकट्या कामाची नसते, बहुतेकदा ती साखळीची सामायिक असते. वरच्याच उदाहरणात मुखपृष्ठाचे दोन भाग करा, चित्र ४ दिवस आणि त्यानंतर मांडणी ३ दिवस. वेळापत्रकाच्या तक्त्यात दोघांसमोर ९ दिवसांची सवड दिसेल. चित्रकाराला वाटतं ९ दिवस आपले, मांडणी करणाऱ्यालाही वाटतं ९ दिवस आपले. चित्रकाराने ८ दिवस वापरले की मांडणीकडे उरतो एकच दिवस. तक्ता चुकीचा नसतो, वाचणारा ती सवड दोनदा मोजतो. म्हणून 'एकूण सवड' आणि 'मोकळी सवड' असे दोन वेगळे शब्द हवेत. प्रकल्पाची शेवटची तारीख न हलवता जेवढं लांबता येतं, ती एकूण सवड. पुढच्या कामाच्या सुरुवातीला धक्का न लावता जेवढं लांबता येतं, तेवढी मोकळी सवड. इथे चित्राची मोकळी सवड शून्य आहे.

'क्रिटिकल पाथ' मात्र मी तसाच ठेवेन. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमध्ये मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ही पद्धत बसवली, त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही वेळापत्रक आखण्याची तशीच पद्धत आली. दोन्ही नावं जगभर तशीच वापरात आहेत. नवा माणूस उद्या सॉफ्टवेअर उघडेल तेव्हा त्याला तिथे तोच शब्द दिसणार. अर्थ मराठीत नीट सांगा, नाव राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. 'माइलस्टोन'साठी 'टप्पा' कसा वाटतो?

उत्तर

इथे जपून. 'टप्पा गाठला' म्हणताना टप्पा हा एक बिंदू असतो, 'दुसरा टप्पा चालू आहे' म्हणताना तो महिनोन्‌महिने चालणारा कालखंड असतो. मराठीत दोन्ही बरोबर आहे, आराखड्यात मात्र गोंधळ होतो. माइलस्टोनला कालावधी नसतोच. तक्त्यात तो शून्य दिवसांचा धरतात : 'मंजुरी मिळाली', 'हस्तांतर झालं'. म्हणून 'टप्पा' फक्त फेजसाठी ठेवा आणि माइलस्टोनला 'खूण' म्हणा. 'मैलाचा दगड' आपण ऐतिहासिक कामगिरीसाठी राखून ठेवला आहे, साध्या मंजुरीला तो फार जड होतो.

'प्रकल्प' या शब्दाचाही खुलासा करा. बोलताना आपण उभ्या राहिलेल्या कारखान्याला किंवा वीजकेंद्रालाही वर्षानुवर्षं प्रकल्पच म्हणतो. या शास्त्रात मात्र उभारणी संपून हस्तांतर झालं की प्रकल्प संपला. त्यानंतरचं ते रोजचं संचालन. सुरुवात आणि शेवट असणं हे प्रकल्पाचं मूळ लक्षणच आहे.

प्रतिसाद

'स्कोप'ला 'व्याप्ती' सगळेच म्हणतात, ठीक आहे. पण 'स्कोप क्रीप'साठी नवा शब्द घडवायची गरज नाही, 'व्याप वाढत जाणं' आपल्या तोंडी आहेच. व्याप्ती वाढवणं म्हणजे खर्च आणि तारखेचा विचार करून, संमती घेऊन केलेला बदल. व्याप वाढणं म्हणजे 'एवढं जरा करून द्या ना' म्हणत कोणीच न ठरवता झालेली वाढ. प्रयोजक आणि साध्या क्रियापदात हा सगळा फरक आपोआप येतो.

'बॅकलॉग'ला मात्र 'अनुशेष' म्हणू नका. अनुशेष म्हणजे व्हायला हवं होतं आणि राहून गेलं ते. 'स्क्रम' या छोट्या फेऱ्यांत काम करण्याच्या पद्धतीतल्या बॅकलॉगमध्ये थकलेलं असं काही नसतं, ती अग्रक्रमाने लावलेली पुढच्या कामांची यादी असते. यादीला अनुशेष म्हटलं की लोक पहिल्याच दिवशी मागे पडल्यासारखे वागू लागतात.

मूळ प्रश्नकर्ती

आणि 'एफर्ट' आणि 'ड्युरेशन'? आमच्याकडे दोन्हीला सर्रास 'वेळ' म्हणतात.

उत्तर

याला टिपणात सर्वांत जास्त जागा द्या. 'दोन दिवसांचं काम आहे' हे वाक्य तीन जण तीन प्रकारे ऐकतात. करणारा श्रम, म्हणजे एफर्ट, मोजतो : पूर्ण वेळ बसलो तर दोन दिवस. त्याचा अर्धा दिवस दुसऱ्या कामात जात असेल तर कालावधी, म्हणजे ड्युरेशन, चार दिवसांचा. आणि ज्याने विचारलं त्याने परवाची तारीख पुढे कळवूनही टाकलेली असते. उलटही घडतं. एखाद्या कागदावर सही करायला पाच मिनिटांचे श्रम पुरतात, पण कागद सहीसाठी दहा दिवस पडून राहतो, आणि आराखड्यात ते दहा दिवसच धरावे लागतात.

म्हणून श्रम 'मनुष्यदिवसां'त लिहा, कालावधी कामाच्या दिवसांत आणि मुदत तारखेत. अंदाज मागण्याच्या तक्त्यात तिन्हींचे रकाने वेगळे ठेवा आणि 'वेळ' या मथळ्याचा रकाना ठेवूच नका. मुदतीचा रकाना मागणाऱ्याने भरायचा, पहिले दोन करणाऱ्याने.