मदत हवी आहे: २ फुटी टँक आणि टँकरचं पाणी, यात कुठले मासे एकत्र राहतील?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तरच लिहितेय कारण दुकानदार एक सांगतोय, यूट्यूबवर दुसरंच आणि सोसायटीतले लोक तिसरंच, आणि मला मासे आणून आठवड्यात मारायचे नाहीयेत.

टँक २ फूट बाय १ बाय १ आहे, भावाने दिलाय, काच नि झाकण व्यवस्थित आहे. हिशोबाने ५६-५७ लिटर होतात पण खालची वाळू आणि वर दोन बोटं रिकामं सोडलं तर ४५ लिटरच्या आसपास पाणी बसेल. आतला स्पंजवाला छोटा मोटरचा फिल्टर आहे, हीटर अजून घेतला नाही. आम्ही पुण्यात वाघोलीच्या बाजूला राहतो, बहुतेक वेळ टँकर नाहीतर बोअरचं पाणी. आरओवाला सर्व्हिसला आला होता तेव्हा त्याने मीटर लावून दाखवला, नळाच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या वर आणि आरओमधून निघालेलं ४०-५०. नळाच्या तोंडाला आणि बादल्यांना पांढरा थर बसतो तो इतका की लिंबू घासून पण पूर्ण जात नाही.

दुकानदाराने 'मिक्स सेट' सुचवला: २ गोल्डफिश, २ एंजल, ४ टायगर बार्ब, ६ निऑन टेट्रा आणि काच साफ करायला १ सकर. म्हणतो सगळे छोटे आहेत, आरामात राहतात, टँक आज लावा उद्या मासे सोडा. मुलगी ९ वर्षांची आहे, तिचा जीव निऑनवर जडलाय, दुकानात त्या काचेसमोरून हलत नव्हती. सासूबाईंचं म्हणणं एक तरी काळा मासा हवाच, वास्तूसाठी. त्यांचं मन मोडायचं नाहीये.

तर विचारायचं हे की या यादीतले कुठले एकत्र चालतील, एवढ्या टँकमध्ये एकूण किती, आमच्या या पाण्यात निऑन जगतील का, आणि आरओचं पाणी वापरू का, किंवा आरओचं जे वेस्ट पाणी मी फरशीला वापरते तेच टँकला चालेल का? ज्यांनी असल्याच पाण्यात मासे पाळलेत त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी विचारलंत ते फार बरं केलंत. तो सेट आणूच नका, त्यात एक जोडी धड जुळत नाही.

गोल्डफिश दुकानात दोन इंचाचा दिसतो पण तो सहा-आठ इंच होतो, लांब शेपटीचे साधे त्याहून मोठे, खातो खूप आणि घाण खूप करतो, शिवाय त्याला थंड पाणी लागतं आणि बाकीच्यांना २४-२६ डिग्री. ४५ लिटरमध्ये एकसुद्धा नको. एंजलला उंच टँक लागतो, त्याचे पंख धरून उंची फूटभर सुद्धा भरते, आणि मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, मग तो गिळतो. यात त्याचा दोष नाही, निसर्गात पण तो असलेच छोटे मासे खातो. टायगर बार्ब लांब पंखवाल्यांचे पंख कुरतडतात, चारच ठेवले तर आणखी त्रास देतात. एंजलचे ते खाली लोंबणारे दोन धागे पहिले जातील.

आणि सकर. याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. हा मासा फूटभराच्या वर वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळ खायचा कंटाळा करतो आणि रात्री दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खातो. मग लोक वैतागून नदीत, तलावात सोडून देतात. मूळ दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्याकडच्या पाण्यात आता पसरलाय, कडक कवच असल्यामुळे त्याला खाणारं फारसं कोणी नाही, मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने दोन मिनिटात निघतं, त्यासाठी मासा नको. आणि टँकमधला कुठलाही मासा कधीही बाहेर सोडायचा नाही, दुकानदाराला परत द्या किंवा कोणा पाळणाऱ्याला द्या.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला +१. मी पाण्याचं बोलतो कारण तुमच्या बाबतीत निर्णय पाण्यावरच होणार आहे.

टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले क्षार, जडपणा नेमका किती ते त्यातून कळत नाही. पण तुमच्या नळाला जो पांढरा थर बसतोय तो कॅल्शियम मॅग्नेशियमचाच, म्हणजे पाणी जड आहे हे नक्की. निऑन अमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. आता फार्मवर वाढवलेले निऑन थोडंफार सहन करतात हे खरं, पण सहन करणं वेगळं आणि रमणं वेगळं. त्यात नवीन टँकमध्ये ते सगळ्यात आधी जातात.

आरओ अर्धं नि नळाचं अर्धं मिसळून जमवता येईल, पण दर आठवड्याला पाणी बदलणार, प्रत्येक वेळी ते मिश्रण तेवढंच जमायला हवं, आणि एक लिटर आरओमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर जातं. जिथे टँकर मागवायला लागतो तिथे मला हे पटत नाही. वेस्ट पाणी तर अजिबात नको, आरओने काढलेले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

त्यापेक्षा ज्यांना जड पाणीच आवडतं असे घ्या की! गप्पी, प्लॅटी, मोली, हे तिन्ही पिल्लं देणारे मासे आणि तिघांना क्षाराचं पाणी मानवतं. सासूबाईंचा काळा मासा म्हणजे काळी मोली, प्रश्नच मिटला. माझं मत: ६ गप्पी, ३ प्लॅटी, १ काळी मोली, बस. याच्यावर मोह आवरा.

फक्त सगळे नर घ्या. मादी आणली तर दुकानातूनच पोटुशी येते, साधारण महिन्याला पिल्लं देते आणि नर नसला तरी काही महिने देत राहते, एवढ्या टँकमध्ये मग आवरणार नाही. नर ओळखणं सोपं आहे. पोटाच्या मागे खालच्या बाजूला जो पंख असतो तो मादीचा पंख्यासारखा पसरलेला असतो, नराचा मिटून काडीसारखा टोकदार होऊन मागे वळलेला असतो. दुकानदाराने जाळीत पकडला की पिशवीत टाकायच्या आधी काचेच्या ग्लासात घ्यायला सांगा आणि बाजूने बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तर अजून चांगलं दिसतं. गप्पीत रंगीत शेपटीवाला नर हे लगेच कळतं पण प्लॅटी-मोलीत नर मादी दोघे सारखेच रंगीत, तिथे हा पंखच बघायला लागतो.

मुलीला हालता थवा आवडत असेल तर गप्पीऐवजी ६-८ झेब्रा डॅनिओ घ्या, निळे पट्टे असतात, आपल्याच उपखंडातला मासा, चिवट, आणि थंडीत पण फारशी कुरकुर नाही. गप्पी आणि डॅनिओ दोन्ही नकोत, डॅनिओ कधी कधी गप्पीच्या शेपटीमागे लागतात आणि गर्दीही होईल.

प्रतिसाद

'आज टँक उद्या मासे' हे सगळ्यात घातक आहे आणि त्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरमध्ये एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे पाणी बदलून काढता येतं. हे बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे न सोडता फिल्टर २४ तास चालू, रोज चिमूटभर खाणं टाकायचं म्हणजे ते कुजून बॅक्टेरियांना अमोनिया मिळतो. टेस्ट किट घ्या, थेंबांचं, पट्ट्यांचं नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले की मगच मासे. जड पाण्याचा पीएच बहुतेक वेळा जास्त असतो आणि जास्त पीएचला अमोनिया आणखी जहाल होतो, म्हणून तुम्हाला तर घाई नकोच. ओळखीत कोणाचा निरोगी जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, खूप वेळ वाचतो.

नंतर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, क्लोरीन काढायचं औषध घालून. टँकरमध्ये पण क्लोरीन टाकलेलं असू शकतं. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळा नाहीतर बॅक्टेरिया मरतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, उन्हाळ्यात पाणी उडून कमी होतं पण क्षार तिथेच राहतात, त्यामुळे नुसती भर घालायची असेल तेव्हा आरओचं घाला, तेवढं एक-दोन लिटरच लागतं. हीटर ५० वॉटचा घ्या, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत लागतो. आणि लाईट जातात तुमच्याकडे? फिल्टर इन्व्हर्टरवर घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच खूप मदत झाली. लाईट जातात, इन्व्हर्टर आहे, आजच फिल्टर त्यावर घेते. निऑन नाही हे मुलीला सांगितलं, आधी रडवेली झाली मग डॅनिओचे व्हिडिओ दाखवले तर आता तेच हवेत, त्यामुळे ८ डॅनिओ, ३ प्लॅटी आणि १ काळी मोली असं ठरतंय. चालेल ना एवढे? आणि अजून एक, यजमान म्हणतायत आरोग्य खात्याचे लोक डासांसाठी हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडतात ते फुकट मिळतात, तेच आणू. ते घरच्या टँकमध्ये चालतात का?

प्रतिसाद

चालतात की, गप्पी तेच, फक्त रंग साधे. पण तुमचे डॅनिओ ठरलेत तर आता नको. पुढे कधी आणलेत तर उघड्या पाण्यातले असल्यामुळे जंतू, कृमी असू शकतात, दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून बघा. दुकानातल्यांनाही हेच लागू. अंगावर रव्यासारखे पांढरे कण असलेला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसलेला एक जरी दिसला तर त्या टँकमधला कुठलाच घेऊ नका.

१२ जमतील, पण एकदम सोडू नका. आधी ८ डॅनिओ, दोन आठवडे टेस्ट शून्य राहिली की प्लॅटी-मोली. पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि मासे जाळीने काढून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. झाकण नीट लावा, डॅनिओ उड्या मारतात. टेस्टचे आकडे इथेच टाकत जा, बघून सांगतो.